तुमच्या राजाच्या गावाला पाणी कुठून येतं?

माझ्या पहिल्या कादंबरीत एक किल्ला होता. भर समुद्रात, काळ्या खडकावर, आत हजार सैनिक. शत्रूनं त्याला तीन वर्षं वेढा घातला होता आणि त्या वेढ्यावर मी सत्तर पानं लिहिली होती. पुस्तक छापून घरी आलं, तेव्हा काशीदच्या आमच्या पडवीत बसून ती सत्तर पानं मी माझ्या चुलत सासऱ्यांना वाचून दाखवली. नाना पन्नास वर्षं दर्यावर होते, त्यांतली वीस तांडेल म्हणून. त्यांना अक्षर वाचता येत नाही. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्यांनी विचारलं, "तुझे राजाचे गावाला पानी कुठशी येतं गो?"

मला उत्तर देता आलं नाही. हजार माणसं, तीन वर्षं, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि ती माणसं काय पीत होती हे लेखिकेला ठाऊक नव्हतं. तलवारींना नावं होती. राजघराण्याच्या सात पिढ्या ठरल्या होत्या. विहीर नव्हती.

आमच्या दारावरून मुरुडची एसटी जाते. पुढे राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की जंजिरा समोर दिसतो. तो कुणालाच का जिंकता आला नाही, याची कारणं पर्यटकांना तटबंदी आणि कलाल बांगडी तोफ अशी सांगतात. दर्यावरचा माणूस आधी आतले गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव दाखवतो. मी लहानपणापासून ते तलाव पाहिलेत. तरी माझ्या किल्ल्यात ते आले नाहीत, कारण माझा किल्ला मी जंजिऱ्यावरून घेतलाच नव्हता. तो मी इंग्रजी मालिकांमधून घेतला होता.

नानांचा दुसरा प्रश्न तिथीचा होता. माझं सैन्य पौर्णिमेच्या मध्यरात्री, ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवरून चालत किल्ल्यापर्यंत जातं, असा प्रसंग होता. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला लोक चालत जातात, त्यावरून मला ते सुचलं होतं. पण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर पोरासोरांना येतो. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमेला दिवसा आणि रात्री सव्वाअकराच्या सुमाराला समुद्र भरलेला असतो, आणि भरती उधाणाची असते. नाना एवढंच म्हणाले, की तुझी माणसं बुडाली.

मग अष्टमी घ्यावी का? आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती, मध्यरात्री ओहोटी, वेळ जमली. पण अष्टमीला भांग असतो. पाणी फार मागे हटत नाही, वाळूचा तो पट्टा उघडाच पडत नाही. पाणी दूरवर जातं ते पौर्णिमा-अमावास्येला, आणि तेव्हा ओहोटी लागते पहाटे साडेपाचच्या आसपास. म्हणजे आमच्या समुद्रातून मध्यरात्री किल्ल्यावर चालत जायला वर्षातली एकही रात्र सोयीची नाही. मी आठ दिवस त्यावर विचार केला. मग कळलं, की माझा प्रसंग मोडला नव्हता, तो आता कुठे सापडला होता. अमावास्येची पहाट. अंधार आहे, पण उजाडायला थोडाच वेळ उरलाय. वाळू उघडी आहे, पण पाणी परत फिरणार आहे. उजेड आणि भरती या दोघांच्या कात्रीत चारशे माणसं चालतायत. माझ्या डोक्यातून असला ताण कधी निघाला नसता. तो आमच्या पंचांगात आयता पडून होता.

हे सगळं वर्तमानपत्रात लिहिण्याचं कारण असं, की मराठीत आज अद्भुत कादंबऱ्या लिहिणारी पुष्कळ तरुण मुलं-मुली आहेत. प्रकाशक दारात उभं करत नाहीत, म्हणून ती स्वतःच्या पैशानं तीनशे प्रती काढतात, ई-पुस्तक करतात, 'प्रतिलिपी' या संकेतस्थळावर भाग टाकतात. माझी दोन पुस्तकं आल्यापासून त्यातली काही जण मला लिखाण पाठवतात. काही जण आमच्याकडे दोन दिवस राहायलाही येतात. माझी दोन खोल्यांची खानावळ आहे. मी सगळं मनापासून वाचते. भाषा चांगली असते, कल्पना धाडसी असतात. आणि पाचातल्या चार गोष्टींत बर्फ पडत असतो. बर्फ कधीही न पाहिलेल्या मुलीनं सोलापुरात बसून लिहिलेला बर्फ. सराईमध्ये शेकोटी, लाकडी पिंपातली दारू, काळे झगे घातलेले जादूगार. सुरुवातीला नकाशा, शेवटी राजवंशांची यादी. आणि ज्या शहरात लाखभर माणसं राहतात, त्या शहराबाहेर एकही शेत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की अद्भुत जग कामापासून उभं करावं. तिथली माणसं सकाळी उठून पहिलं काय करतात, पाणी कोण भरतं, मीठ कुठून येतं, जाळं कोण विणतं, कर्ज कुणाकडून घेतात. हे पक्कं असलं की मग ड्रॅगन आणा, उडता घोडा आणा, मेलेला माणूस उठवा. वाचक तुमच्याबरोबर येतो.

आमच्या साहित्यात हे प्रकरण जुनं आहे. मुळात आपण ज्या प्रकाराला कादंबरी म्हणतो, तो शब्दच एका अद्भुतकथेचं नाव आहे. सातव्या शतकात बाणभट्टानं लिहिलेल्या 'कादंबरी'त गोष्ट सांगतो तो पोपट आहे, आणि पुढे शाप आहेत, पुनर्जन्म आहेत. मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांमध्ये नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' आली १८६८ साली. तिच्यात विमानासारखं उडतं वाहन आहे. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी आपली अडचण मोकळेपणानं सांगितली आहे. त्यांचा मुद्दा असा, की आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात मन वेधून घेईल असं काही नाही, म्हणून करमणुकीचं पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळणं भाग आहे. चारच वर्षांनी, १८७२ साली, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल, म्हणजे कादंबरी, आणि नाटक यांवर निबंध लिहून या असंभाव्य गोष्टींवर कडक टीका केली. टीका बरीचशी रास्त होती. पण पुढच्या समीक्षेनं त्यातून असा धडा घेतला, की दोष अद्भुताचाच आहे. मला वाटतं, दोष रिसबुडांच्या त्या एका समजुतीत होता. रोजच्या जगण्यात काही नाही, असं मानून जो अद्भुताकडे जातो, तो रिकाम्या हातानं जातो.

याच किनाऱ्यावर एक माणूस उतरला होता, त्याचं उदाहरण मी सगळ्यांना देते. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमाराला चौलला आला. आमच्या काशीदपासून उत्तरेला, साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा आणि चौल. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. त्यानं एक घोडा बरोबर आणला होता, आणि तो इथवर आणायला किती खर्च आला तेही लिहून ठेवलंय. लोक काय नेसतात, डोकं उघडं ठेवतात की झाकतात, केस कसे घालतात, गोरा माणूस पाहून कसे मागे मागे येतात, हे सगळं त्याच्या टिपणात आहे. पावसाळा, चिखल, घोड्याला काय खायला घालतात, तेसुद्धा. आणि मग तो आळंदकडचा एक पक्षी सांगतो. तो ज्या घरावर बसेल त्या घरातलं माणूस मरतं, आणि त्याला मारायला जावं तर त्याच्या तोंडातून आग निघते. रानातल्या माकडांना राजा असतो आणि त्याच्याजवळ सैन्य असतं, असंही तो सांगतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या पक्ष्यावर मी विश्वास ठेवला. घोड्याच्या खर्चाबाबत खरं बोलणारा माणूस पक्ष्याबाबत खोटं कशाला बोलेल, असं आपसूक वाटून गेलं. अद्भुत लिहिणाऱ्याचं सगळं कौशल्य या घोड्याच्या हिशेबात आहे.

जादूचे नियम कसे करावेत, यावर इंग्रजीत आता ढीगभर लिहिलं जातं आणि आपली मुलं ते वाचतात. वाचावं. पण वेताळाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय, तिच्याकडे लेखक म्हणून पुन्हा एकदा बघावं. विक्रमानं प्रेत खांद्यावर घेतलं की बोलायचं नाही; बोलला की वेताळ परत झाडावर. हा एक नियम. उत्तर माहीत असून बोलला नाही, तर डोक्याची शकलं होतील. हा दुसरा. एकेका नियमात फारशी गंमत नाही. दोन्ही एकमेकांना अडवतात, तिथे गोष्ट जन्माला येते, आणि ती पुन्हा पुन्हा चालू शकते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ती 'कथासरित्सागरा'त घेतली, आणि आजही तिच्यातलं एक चाक ढिलं झालेलं नाही. आपल्याकडच्या भुतांनाही असेच नियम आहेत. मुंजा पिंपळावरच राहतो, आणि मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगाच मुंजा होतो. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच माळावर फिरतो, आणि कोंबडा आरवला की वाट दिसते. कोण, कुठे, का आणि कधीपर्यंत, एवढं ठरलेलं असतं. मला येणाऱ्या लिखाणातला जादूगार मात्र संकटाच्या वेळी हवं ते करू शकतो. मग त्याच्यासाठी भीती कुणाला वाटावी?

नावांबद्दल मी जरा हट्टी आहे. झॅरॉन, एल्मिरा अशी नावं मला अडवतात. म्हणजे परकं नाव घेऊच नये असं नव्हे. जी. ए. कुलकर्णींनी 'इस्किलार' लिहिली, १९७५ च्या 'रमलखुणा'त. ते नाव कुठल्याही मराठी गावाचं नाही, आणि तरी ती कथा आपली होते, कारण तिच्यातली प्रत्येक वस्तू हाताला लागते. पण ज्याला तो हात नाही, त्यानं आधी आपल्याकडची नावं ऐकावीत. काशीदच्या मागे फणसाडचं रान आहे. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीचं होतं, १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे पाणवठ्याला गाण म्हणतात. एकीचं नाव चिखलगाण. या शब्दात जागा आहे, ऋतू आहे, जनावराचं पाऊल आहे. असा एक शब्द नकाशावर असला तर मला पुढचं पान उलटायला दुसरं कारण लागत नाही.

आणि भाषा. टोल्किन भाषांचे प्राध्यापक होते. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलणारे लोक उभे केले, म्हणून आपल्याकडच्या मुलांनाही वाटतं की आपण एक भाषा रचावी. रचा. त्याआधी कोर्लईला एक चक्कर मारा. किल्ल्याच्या पायथ्याच्या त्या गावात ख्रिस्ती वस्ती आहे आणि ती पोर्तुगीजमधून घडलेली स्वतःची बोली बोलते. तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात, आपली भाषा. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले. त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, भाषा राहिली. शब्द पोर्तुगीज, पण मराठीच्या शेजारानं वाक्याची घडण बदलली आणि क्रियापद शेवटी जाऊन बसलं. भाषा कशी होते ते इथे दिसतं. कोण कुणाशी लग्न करतं, बाजारात कुणाशी बोलावं लागतं, कोण जहाजात बसून निघून जातं आणि कोण मागे राहतं, यातून ती होते. रचलेल्या भाषेत हा इतिहास असायला हवा.

मुरुडच्या समुद्रात पद्मदुर्ग आहे, शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोर बांधलेला. खाऱ्या वाऱ्यानं त्याचे दगड खोल झिजलेत, आणि दगडांमधला चुना मात्र जसाच्या तसा पुढे आलेला दिसतो. असा तट मी कुठल्या कादंबरीत वाचला नव्हता. त्याच किल्ल्याच्या लाय पाटलांची हकीकत या किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ आहे. जंजिऱ्याला शिड्या लावायला ते रात्री गेले, त्या धाडसाबद्दल महाराजांनी पालखीचा मान दिला. पाटलांनी तो नम्रपणे नाकारला. दर्यावरच्या माणसाला पालखी काय कामाची? मग महाराजांनी गलबत दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी'. या एका हकीकतीत राजा कळतो, कोळी कळतो, आणि जमिनीवरचा मान समुद्रावर कसा निरुपयोगी होतो तेही कळतं. ती सांगायला कुणाला कधी नकाशा लागला नाही.

आता थोडं नासधुशीबद्दल. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, किनाऱ्यावरचे सुरू मुळासकट उपटले, घरावरचे पत्रे शेजारच्या शेतात गेले. वीज कितीतरी दिवस नव्हती. वादळ आलं आणि गेलं, ते वाचणाऱ्याला आठवतही असेल. पण पोफळ नव्यानं लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. सासूबाईंनी त्या पावसाळ्यात रोपं लावली तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी मनात काय हिशेब केला असेल, तो मी त्यांना विचारला नाही. अद्भुत कादंबरीत शहरं जळतात, आणि दुसऱ्या प्रकरणात विजयाची मेजवानी असते. मेजवानीचं धान्य कुठून आलं? जळलेली वाडी पुन्हा फळाला येईपर्यंत तुमचा राजपुत्र किती वर्षांचा झाला? उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ सालच्या कादंबरीतलं अर्थसी मला एवढं जवळचं वाटतं ते यामुळेच. ते सगळं जग बेटांचं आहे, आणि तिथला जादूगार वारा फिरवण्याआधी विचार करतो, की इथला वारा फिरवला तर दुसऱ्या कुठल्या बेटावर त्याचं काय होईल. तिथे प्रत्येक चमत्काराची कुणाला तरी किंमत पडते.

स्वतंत्रपणे छापणाऱ्याजवळ संपादक नसतो, ही खरी अडचण आहे. माझं पहिलं पुस्तक मी पैसे भरून ज्यांच्याकडून काढून घेतलं, त्यांच्याकडे ते कुणीही वाचलं नाही. स्वल्पविराम तेवढे तपासले. पाणी नसलेला किल्ला आणि बुडालेलं सैन्य त्या तीनशे प्रतींत आजही आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण लोकांनी कष्टाचे दोनशे रुपये त्यासाठी दिले होते. पैसे भरून छापणाऱ्यांनी निदान एक वाचक पगारावर ठेवावा, ही मागणी अवाजवी नाही.

आपल्याकडे राजदरबारानं नाकारलेला पहिला अद्भुत लेखक गुणाढ्य. कथा 'कथासरित्सागरा'तच आहे. प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या सातवाहन राजाकडे त्यानं आपली सात लाख श्लोकांची बृहत्कथा पाठवली. 'पैशाची' नावाची भाषा आणि रक्तानं लिहिलेली अक्षरं बघून राजानं ती परत धाडली. गुणाढ्य रानात गेला, आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकू लागला. जनावरं भोवती जमली, रडू लागली, चरायचं विसरली. राजाच्या ताटात वाळकं, बेचव मांस येऊ लागलं. चौकशी होता होता कारण सापडलं, राजा धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. ही गोष्ट मी मुलांना सांगते ती राजाच्या ताटासाठी. कथेचा परिणाम मुदपाकखान्यात दिसतो. इतकं अद्भुत लिहिताना जनावरांचा चारा ज्याच्या ध्यानात राहिला, तो लेखक मोठा.

गुणाढ्यासमोर निदान ऐकणारे तरी होते. तेवढे आपणही मिळवू शकतो. म्हणून लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. छापायला देण्याआधी तुमची कादंबरी अशा एका माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, ज्याला साहित्याचं काही नाही पण एखादं काम पक्कं येतं. मिठागरात राबलेली बाई, गवंडी, मेंढपाळ, सुईण, तांडेल. तो जिथे थांबवेल तिथे थांबा आणि ते पान पुन्हा लिहा. आणि तालुक्याच्या, गावाच्या वाचनालयांना विनंती, की स्वतःच्या खर्चानं पुस्तकं काढणाऱ्या या मुलांसाठी एक फळी मोकळी करा. आमच्या भागातल्या एका वाचनालयानं केली आहे. सध्या तिच्यावर अकरा पुस्तकं आहेत.